सोबत येणाऱ्याचे नाव

४ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझ्या डिसेंबरच्या पत्रात वजन सोडून सगळं लिहिलं होतंस, म्हणजे वजन वाढलंय. तुझ्या मास्तरीणबाईंना विचारलं असतं, पण ती शाळेत गणित शिकवत असली तरी नवऱ्याचे आकडे लपवण्यात तिचा हात कोणी धरू शकणार नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला वाजतं आणि तिसऱ्या मिनिटाला तुला माझा आवाज तुटक यायला लागतो. म्हणून नेहमीप्रमाणे पत्र.

आमच्या प्रेसमध्ये सध्या मोठ्या हॉस्पिटलचं एक पत्रक छापायला आलंय, तुमच्याकडेही त्यांची शाखा आहे. आठ पानी, दहा हजार प्रती. प्रुफं माझ्याकडे. तीस वर्षं मी लग्नपत्रिकांपासून कंपन्यांच्या अहवालांपर्यंत सगळं तपासतेय, पण चुका शोधताना मजकूर डोक्यात शिरत नाही. हा शिरला. म्हणे पंचेचाळिशी उलटली की प्रत्येकाने मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यावी, त्रास असो वा नसो. तिथे कॅन्सर एका दिवसात होत नाही. आधी आतल्या अस्तरावर एक छोटा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. तो वर्षानुवर्षं गप्प बसून असतो, दुखत नाही, खुपत नाही. दुर्बिणीतून दिसला तर तिथल्या तिथे काढून टाकतात आणि विषय संपतो. कोणी बघितलंच नाही तर त्यातले काही पुढे बिघडतात.

तू एकोणपन्नासचा आहेस. चार वर्षं आधीच उशीर झालाय. सोबत पत्रकाचं प्रूफ पाठवतेय. शेवटचं पान हॉस्पिटलकडून अजून यायचंय, पण तेवढ्याने काही अडत नाही. वाच, आणि तारीख घेऊन मला कळव. चालढकल केलीस तर मी तिथे येऊन राहीन, हे लक्षात ठेव.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला पोट आडवं येतं, म्हणून उभ्यानेच करतो.

पत्रक मिळालं. जेवताना उघडलं, ही चूक झाली. मास्तरीण म्हणाली, "कसलं चित्र आहे ते?" मी म्हटलं, नव्या बोगद्याचा नकाशा आहे. तिने हातातून ओढून घेतलं आणि सगळं वाचून काढलं, आता घरात मला दोन ताया झाल्यात.

अगं, मला काहीही होत नाहीये. सकाळी सहा वाजता पोट साफ होतं, माझ्यावरून लोकांनी घड्याळ लावावं. चार-चार मजले जिने चढून मी लिफ्टच्या मशीनरूममध्ये जातो, धाप लागत नाही. थोडी लागते, पण ती वरच्या मजल्याचा मालक समोर दिसला की लागते. शिवाय दुर्बीण ही चंद्र बघायची वस्तू आहे. ती जिथून घालणार म्हणतात तिथून काय बघण्यासारखं आहे माझ्यात?

आणि मोठी कोण? तू त्रेपन्न, मी एकोणपन्नास. लहानपणी ते काळं कडू औषध आधी कोण प्यायचं? तू. पिऊन झाल्यावर ओठ चाटायचीस, जसं काही सरबतच आहे, आणि मी दरवेळी फसायचो. तोच नियम लावू. आधी तू करून ये, मग बघू.

बाकी इथे सगळं बरं आहे. मास्तरीण तुला नमस्कार सांगते आणि "ताई म्हणतात ते बरोबर आहे" असंही लिही म्हणते. लिहिलं.

टिल्लू


२७ फेब्रुवारी

टिल्लू,

सापडलास ना स्वतःच्याच शब्दांत? केली मी तपासणी. गेल्या मंगळवारी.

आता सगळं सांगते, म्हणजे तुला पळायला जागा राहणार नाही. आदल्या दिवशी जेवायचं नाही. गाळलेलं सूप, गाळलेला रस, बिनदुधाचा चहा, पाणी. संध्याकाळी पोट धुऊन काढायचं औषध प्यायचं, खूप पाण्यातून. मग आपण आणि आपलं न्हाणीघर. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात एक इंजेक्शन देतात, गुंगी येते, काहीही कळत नाही. अर्ध्या तासाचं काम. माझं सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टर म्हणाले, आता दहा वर्षं बघायला नको. अकराला सुटले, बसने घरी आले, चहा केला, आणि दुपारी प्रेसमध्ये जाऊन चाळीस पानांची प्रुफं वाचून दिली. तू म्हणतोस तसं सरबतच समज.

आणि "मला काही होत नाहीये" हे तू मला सांगू नकोस. तीन वर्षांपूर्वी तूच पत्रात काय लिहिलं होतंस? नऊ मजली ऑफिसची लिफ्ट तू बंद केलीस. मॅनेजर भांडायला आला, लिफ्ट लोण्यासारखी चालते, आवाज नाही, धक्का नाही, तू कशाला लोकांचे हाल करतोस म्हणून. तू त्याला हाताला धरून वर नेलंस आणि दाखवलंस. दोर जिथे चाकावरून वळतो तिथे अकरा तारा तुटल्या होत्या. "ताई, खाली केबिनमध्ये उभं राहून काही कळत नाही, वर चढून बघावं लागतं," हे तुझं वाक्य आहे. पत्र माझ्याकडे आहे, हवं तर परत पाठवते.

लोकांच्या लिफ्टसाठी इतका जीव टाकतोस, आणि स्वतःच्या बाबतीत केबिनमध्ये उभा राहून सांगतोस की सगळं छान चाललंय.

माझा एकच भाऊ आहे रे. जा.

ताई


२० एप्रिल

ताई,

गेलो. झालं. आधी कळवलं नाही, कारण ऐनवेळी पळालो असतो तर तुला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

औषधाबद्दल तू सरबत म्हणालीस. ताई, पन्नाशीला आलो तरी मी तुला अजून फसतो. खारट लिंबू आणि साबणाचं पाणी ह्यांचं लग्न लावलं तर जे होईल ते. दोन तांबे संपेपर्यंत मी न्हाणीघरातच मुक्काम टाकला होता. मास्तरीण बाहेरून "कितव्यांदा?" विचारत होती. शेवटी मी ओरडून सांगितलं, आता एकदम बेरीजच सांगेन.

हॉस्पिटलात मात्र सगळे फार चांगले वागले. मी घाबरून विनोद करत होतो, आणि नर्स प्रत्येक विनोदाला हसली. पगारात असेल तिच्या, पण हसली. डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. म्हणाल्या, "दहापासून उलटे आकडे म्हणा." मी आठपर्यंत आलो. उठलो तेव्हा मास्तरीण शेजारी बसून वह्या तपासत होती. त्या दिवशी मी दिवसभर बरळत होतो म्हणे. टॅक्सीत तीनदा विचारलं, ह्या गाडीत लिफ्टसारखं कार्ड कुठे आहे, शेवटची तपासणी कधी झाली. ड्रायव्हर घाबरला.

आता खरं सांगायचं ते. दोन पॉलिप निघाले. एक अगदी बारका, एक हरभऱ्याएवढा. तिथल्या तिथे काढले. रिपोर्ट काल आला. कॅन्सर नाही, पण मोठा होता तो त्याच जातीचा, पाच-सात वर्षांत बिघडला असता असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी बाहेर येऊन गाडीतळावर उभा राहिलो आणि मला रडू आलं. मास्तरीण हात धरून उभी राहिली.

त्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का? मी म्हटलं नाही, वडील अल्सरने गेले. मग म्हणाल्या, पाच वर्षांनी या.

तू मागे लागली नसतीस तर मी गेलो नसतो. तुझे उपकार कसे फेडू ते सांग.

तुझा
टिल्लू


९ मे

ताई,

वीस दिवस झाले, तुझं पत्र नाही. एवढी मोठी बातमी कळवली आणि तुझ्याकडून एक ओळ नाही. तू तशी नाहीस. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू "मशीन चालू आहे, ऐकू येत नाही" म्हणालीस. ही माझी युक्ती आहे, तुझी नाही.

काल एका लिफ्टच्या छतावर बसून दोराला तेल लावत होतो. खिशात हॉस्पिटलने दिलेलं ते पत्रक होतं, तुमच्याच प्रेसमध्ये छापलेलं, आता पुरं आठ पानी. हात पुसायला बाहेर काढलं आणि शेवटच्या पानावर नजर गेली. जाड अक्षरात छापलंय. गुंगीचं इंजेक्शन दिलं जातं, म्हणून घरी नेणारं कोणीतरी सोबत असल्याशिवाय तपासणी होणार नाही. त्या दिवशी एकट्याने प्रवास करू नये, कामावर जाऊ नये, सही करू नये.

आणि तू अकराला सुटून एकटी बसने घरी गेलीस. दुपारी चाळीस पानांची प्रुफं वाचलीस. मी त्या दिवशी स्वतःच्या चपला ओळखत नव्हतो.

तुला माहीत आहे, आमच्या प्रत्येक लिफ्टमध्ये एक कार्ड लावलेलं असतं. दर महिन्याला तपासणाऱ्याने वर चढायचं, दोर, ब्रेक, चाकं बघायची, मग खाली येऊन तारीख टाकून सही करायची. काही महाभाग वर जातच नाहीत. खाली चहा पिता पिता सही ठोकतात. आम्ही त्याला बसल्या जागची सही म्हणतो. माझ्या जोडीदाराची मी तशी सही पकडली होती. दहा वर्षांची दोस्ती होती, तरी मी वर कळवलं. तो आजही माझ्याशी बोलत नाही.

तुझं सत्तावीस फेब्रुवारीचं पत्र म्हणजे बसल्या जागची सही आहे, ताई. खरं की नाही, एवढंच लिही.

टिल्लू


१८ मे

टिल्लू,

खरं आहे. मी गेले नव्हते. जे लिहिलं ते पत्रकाच्या पहिल्या सात पानांतलं होतं. आठवं पान आलं त्या दिवशी माझे डोळे आले होते, म्हणून ते दुसरीने वाचलं. आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या आणि स्वतः न वाचलेल्या पानावर पकडले गेले. हस, मला राग येणार नाही.

लहानपणी ते कडू औषध मी निदान प्यायचे तरी. ह्या वेळी न पिताच ओठ चाटले.

पण हे काहीच नाही. तुझं एप्रिलचं पत्र वाचून मी वीस दिवस का गप्प बसले ते ऐक. तू डॉक्टरीणबाईंना सांगितलंस की घरात कोणाला नव्हता. होता. बाबा अल्सरने गेले नाहीत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले.

तू एकोणीस वर्षांचा होतास, लांब लिफ्टचं काम शिकत होतास, परीक्षा तोंडावर होती. आईने मला शपथ घातली की त्याला सांगायचं नाही, तो सगळं सोडून येईल. आणि बाहेर तर कोणालाच सांगायचं नाही, कारण घराण्यात असलं दुखणं आहे असं कळलं तर मला कोण करून घेईल, असं तिचं म्हणणं होतं. तशीही कोणी करून घेतलं नाही, तो भाग वेगळा. पुढे आई गेली, शपथ तशीच राहिली. तीस वर्षं एखादी गोष्ट लपवली की ती सांगायची कशी तेच कळेनासं होतं.

बाबा दिवसभर बस चालवायचे. रक्त जायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं की बसून बसून मूळव्याध झाली. वर्षभर अंगावर काढलं. दाखवलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. त्यांच्या चादरी मी धुतल्या आहेत टिल्लू. ते किती बारीक झाले होते ते तू शेवटी आलास तेव्हा पांघरुणाखाली झाकलेलं होतं. ते पांघरूण मी आणि आईने मुद्दाम दोन पदरी घातलं होतं.

म्हणून पत्रक वाचताना मला फक्त तू दिसलास. तुला घाई करायला हवी होती आणि खरं कारण सांगायचं धाडस नव्हतं. मग खोटं बोलले. ते लागू पडलं, तुझे पॉलिप निघाले, ह्याचं मला जराही वाईट वाटत नाही. पण तुझ्या डॉक्टरीणबाईंना बाबांचं आजच्या आज सांग. पाच वर्षं थांबायचं की नाही ते त्यांना ठरवू दे.

आता माझं. बाबा गेले तेव्हा चोपन्न वर्षं, दोन महिने, अकरा दिवसांचे होते. मी मोजलंय. मी तेवढी येत्या तेवीस ऑक्टोबरला होईन. ही तारीख मला कुठे बाहेर वाचावी लागत नाही, ती सकाळी उठल्याबरोबर समोर असते. काही त्रास आहे का, तर नाही. पण मला भीती वाटते. बघितलंच नाही तर नाहीच आहे, असं वाटत राहतं.

तरी मी मार्चमध्ये एकदा गेले होते. खोटं मनाला लागलं होतं, म्हटलं खरं करून टाकू. खिडकीवर फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता भरला. घरात कोणाला होता का, तिथे हो लिहिलं. मग पुढचा रकाना आला, "सोबत येणाऱ्याचे नाव". आणि त्यापुढे "नाते". मी पेन धरून उभी राहिले. शेजारीण नोकरीला जाते. प्रेसमधल्यांना काय सांगू? तुला लिहावं तर तुला मी आधीच सांगून बसले होते की माझं झालंय. मागे रांग वाढली. खिडकीतली मुलगी चांगली होती, म्हणाली, "आजी, घरी जाऊन भरून आणा." आजी म्हणाली हेही लागलं. फॉर्म पर्समध्ये घालून निघून आले. तो अजून पर्समध्येच आहे.

ताई


२२ मे

ताई,

तुझं पत्र मशीनरूममध्ये बसून वाचलं. मग काम सोडून घरी आलो.

मला खूप राग आला. बाबांना मूठभर माती घातली तेव्हाही मला माहीत नव्हतं मी कशासाठी रडतोय. तीस वर्षं लोकांना सांगत आलो, वडील अल्सरने गेले, आणि तू शेजारी उभी राहून मान हलवत होतीस. ह्याचं भांडण बाकी आहे. ते समोरासमोर होईल, दोन मिनिटांत संपणार नाही.

डॉक्टरीणबाईंना सांगून आलो. पाच नाही, तीन वर्षांनी बोलावलंय. म्हणाल्या, हे आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, मलाही आधी कळायला हवं होतं. आणि त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीला ताबडतोब पाठवा.

आता पर्समधून फॉर्म काढ. रकान्यात माझं नाव घाल. नात्यात भाऊ लिही. तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली घे, मी रजा टाकली आहे. औषध प्यायचीस तेव्हा मी समोर बसणार, आणि ह्या वेळी ओठ चाटायचं नाही.

एकटीच होतीस तर मला हाक का नाही मारलीस? मी काय मेलो होतो?

टिल्लू


२१ जून

टिल्लू,

तू परत गेलास त्याला दहा दिवस झाले. तुझा टॉवेल इथेच राहिलाय.

रिपोर्ट आला. त्यांनी उजव्या बाजूचा जो मोठा तुकडा तपासायला पाठवला होता, त्यात कॅन्सर आहे. सुरुवातीचा. फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय. तुला हा कागद मिळेपर्यंत दोन दिवस तरी तू नीट जेवशील.

मी रिपोर्ट सवयीने तीनदा वाचला. नाव बरोबर, वय बरोबर, तारीख बरोबर. जन्मात पहिल्यांदा वाटलं की कुठेतरी चूक सापडावी. नाही सापडली.

डॉक्टर म्हणतात, आतड्याचा तेवढा भाग काढून टाकू, बाहेर पसरलेला दिसत नाही, वेळेत आलात. मी विचारलं, अजून वर्षभर आले नसते तर? ते म्हणाले, ते आता कशाला विचारता, आलात ना. ऑपरेशन नऊ जुलैला आहे. फॉर्म दिलाय. तो रकाना तुला न विचारताच भरलाय.

भीती वाटतेय. पण आता कशाची वाटतेय ते माहीत आहे, त्याने फरक पडतो.

ताई


२४ जून

ताई,

रविवारी पोचतो. मास्तरीणही येतेय, शाळेतून रजा काढून. पथ्याचं सगळं ती लिहून काढणार आहे, वजनं आणि मापांसकट, तेव्हा तुझं काही खरं नाही.

टॉवेल धुऊन ठेव.

तुझा भाऊ


२४ ऑक्टोबर

टिल्लू,

हे पत्र गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून लिहितेय, अक्षर वाकडं येईल. कुठून लिहितेय ते पुढे सांगते.

तुझं कार्ड मिळालं. खरोखरीचं लिफ्टचं कार्ड पाठवशील असं वाटलं नव्हतं. "दोर, ब्रेक, चाके" खोडून "आतडे" लिहिलंयस, तेही चांगलं वळणदार. कपाटाच्या दाराला आतून लावलंय. पहिल्या ओळीत जूनची तारीख टाकून सही केली. पुढची तपासणी पुढच्या जुलैत, ऑपरेशनला वर्ष झालं की. माझी तब्येत उत्तम आहे. वीतभर आतडं गेलं, पण मला त्याची उणीव भासत नाही. आतड्याबाजूच्या गाठी तपासल्या त्या स्वच्छ निघाल्या, त्यामुळे पुढे केमो लागली नाही, हे तुला माहीतच आहे, तरी लिहायला बरं वाटतं म्हणून लिहिलं. काकांच्या तिन्ही मुलांना बाबांबद्दल मी स्वतः पत्रं घातली. धाकटीने तारीख घेतली, थोरला मला चक्रम म्हणाला. त्याच्याकडे तुला पाठवणार आहे.

कालचा दिवस गेला. तेवीस तारीख. मी मुद्दाम काही केलं नाही, प्रेसमध्ये जाऊन कॅलेंडरांची प्रुफं वाचली. सगळ्या तारखा बरोबर होत्या. घरी येऊन बाबांच्या फोटोसमोर जरा वेळ बसले. ते किती तरुण दिसतात. आपण त्यांना म्हातारे समजत होतो. त्यांना कोणी हाताला धरून नेलं असतं तर, हा विचार आलाच, आणि मी तो येऊ दिला. आज सकाळी उठले तेव्हा मी त्यांच्यापेक्षा एका दिवसाने मोठी होते.

आता कुठून लिहितेय ते. आमचे प्रेसचे मालक तुला आठवतात ना, तुझ्याकडे बघून "लिफ्टवाल्याचं वजन लिफ्टला चालतं का" म्हणाले होते ते. अठ्ठावन्न वर्षांचे. दहा हजार पत्रकं छापली आणि स्वतः एक वाचलं नाही. मी कामावर परत आल्यावर रोज त्यांच्या टेबलावर एक ठेवत होते. अकराव्या दिवशी म्हणाले, "बाई, मी गेलो असतो हो. पण तिथे म्हणे सोबत कोणीतरी लागतं." बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी लांब असते. हे सांगताना ते शाईच्या डब्याकडे बघत होते.

मी म्हटलं, फॉर्म आणा इकडे.

तर सकाळी आठपासून मी हॉस्पिटलात आहे. त्यांनी नावाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, आणि नात्यापाशी पेन अडलं. बराच विचार करून लिहिलं, "प्रुफे वाचणारी". खिडकीत तीच मार्चमधली मुलगी होती. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला. मला आजी म्हणाली नाही.

ते आत जाऊन पाऊण तास झालाय. घाबरले होते, आत जाताना मला म्हणाले, "जाऊ नका हं कुठे." मी म्हटलं, कुठे जाणार? त्यांच्या चपला माझ्या खुर्चीखाली आहेत, चष्मा माझ्या पर्समध्ये आहे, जिथे तो फॉर्म दोन महिने पडून होता.

दार उघडलंय. नर्स विचारतेय, ह्यांच्यासोबत कोण आहे. हात वर करते आणि जाते.

ताई